कापून ठेवलेलं गवत

स्कॉटलंडमधल्या एका जुन्या गढीत उमरावाच्या बायकोचं भलंमोठं चित्र आहे. अंगावर रेशीम, गळ्यात मोती. नजर मात्र समोर नाही, बाजूच्या खिडकीकडे आहे.

"शेतकऱ्याची लेक होती," गढी दाखवणारी म्हातारी म्हणाली. "चित्रकार सारखा विनवायचा, बाईसाहेब, इकडे बघा. पण वडिलांचं गवत कापून शेतात वाळत पडलं होतं आणि आभाळ भरून आलं होतं. इथं सगळे हेच सांगतात."

तासगावला, माझ्या माहेरी, आत्ता द्राक्षं बेदाण्यासाठी वाळत पडलीत. अवकाळीची एक सर आली की सगळा बेदाणा काळा पडतो. कारखानदारांच्या घरात पडून मला वीस वर्षं झाली, तरी ढग दिसला की मी बाबांना फोन लावते. "अगं, शेडला ताडपत्री बांधलीय," ते म्हणतात. बांधलेली असतेच असं नाही.

"इकडे बघ ना!" नवरा मोबाइल धरून ओरडला. चित्राशेजारी उभं करून तो माझा फोटो काढत होता. बाहेर आभाळ काळवंडलं होतं.

फोटो छान आलाय. आम्ही दोघीही त्यात खिडकीकडे बघतोय.