कॅमेऱ्यात काही दिसलं नाही

नातेवाइकांत तिचं नाव पडलं होतं 'एक्स-रेवाली'. तिला ते मुळीच आवडायचं नाही. लोक घर विकत घेण्याआधी तिला बोलवायचे, आणि ती उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन भिंती, छतं, खिडक्यांच्या चौकटी तपासायची. जिथे गार तिथे पडद्यावर निळं, जिथे ऊब तिथे पिवळं-केशरी. "हा भिंतीच्या आत बघत नाही हो, भिंतीच्या कातडीला हात लावल्यासारखं करतो," हे ती प्रत्येक घरात सांगायची. लोक मान डोलवायचे आणि पुढच्याच वाक्याला विचारायचे, "मग आत काय दिसतंय?"

आधी ती ओल थोपवणारी रसायनं विकणाऱ्या एका कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायची. दिवसभर कोणाची ना कोणाची भिंत रडत असायची. हे सगळं घर घ्यायच्या आधी कोणी का बघत नाही, असं तिला वाटायचं. शेवटी नोकरी सोडून ती स्वतःच ते काम शिकली. मुलं मोठी झाली होती, नवरा म्हणाला, "कर. घरातल्या आमच्या चुका तर तुला कॅमेऱ्याशिवायच दिसतात."

तर अशा या बाईच्या सख्ख्या मोठ्या बहिणीने, ताईने, घर घ्यायचं ठरवलं. आयुष्य भाड्याच्या घरात गेलेलं. भावजींना निवृत्तीआधी स्वतःच्या दारावर स्वतःची पाटी हवी होती. घर दुमजली, दोन बाजूंनी उजेड, ताजा रंग दिलेला. "तुझी नजर टाक नि हो म्हण," ताई म्हणाली. म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं, प्रश्न फक्त रीतीपुरता.

ताई-भावजींबरोबर ती घर बघायला गेली तेव्हा दलाल दारातच उभा होता. सकाळपासून सगळी दारं-खिडक्या सताड उघडी टाकलेली. "रंगाचा वास जावा म्हणून," तो हसून म्हणाला. तिने कॅमेरा सुरू केला. स्वयंपाकघर, जिना, वरची बाथरूम, तिच्या खालची बैठकीची खोली. सगळीकडे एकच सपाट जांभळा रंग. आत-बाहेर हवा सारखीच गार असली की हा कॅमेरा आंधळा होतो. घर बंद करून आत ऊब धरली, तरच ओलीमुळे गार पडलेली जागा उठून दिसते.

"खिडक्या लावून रात्रभर हीटर चालू ठेवा, मी उद्या परत येते," ती म्हणाली.

"उद्या दुसरी पार्टी येतेय," दलाल म्हणाला. "आणि मॅडम, मशीनमध्ये काही आलं का?"

"काही आलं नाही. पण..."

"काही आलं नाही ना?" भावजींनी तिचा 'पण' वरच्यावर झेलला. "मग झालं तर."

"भावजी, न दिसणं आणि नसणं यात फरक आहे. आज मला काहीच सांगता येणार नाही." तिने ओल मोजायचं छोटं यंत्र छताच्या कोपऱ्याला टेकवलं. काटा थोडा वर गेला. दलाल म्हणाला, रंग ओला आहे. तेही खरं असू शकत होतं, आणि तीच तर अडचण होती.

ताईने तिला बाजूला घेतलं. "तुला नेहमी काहीतरी खुसपट काढायचंच असतं. आमचं एकदा चांगलं होतंय तर होऊ दे की."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आपलेच दात, आपलेच ओठ. थांबा, एवढंच ती पुन्हा म्हणाली. कोणी थांबलं नाही. घर घेऊन झालं.

थंडी पडल्यावर ताईचा फोन आला. बैठकीच्या छताला डाग आला होता. "तुझ्या कॅमेऱ्याला एवढं दिसलं नाही?" मागून भावजींचा आवाज ऐकू येत होता, "म्हणे तज्ज्ञ."

ती गेली. आता घर ऊबदार होतं आणि छतावर गडद निळा पट्टा लख्ख दिसत होता. रागाच्या भरात तिने पट्ट्याच्या टोकावर बोट ठेवलं, "इथे, नळाच्या पाइपातून." प्लंबरने वर जाऊन तिथली फरशी उचकटली. खाली कोरडं ठणठणीत. पाइपही धडधाकट.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," भावजी म्हणाले. या वेळी चूक तिचीच होती. पाणी एकीकडे शिरतं, तुळईवरून सरकत जातं आणि भलतीकडेच उतरतं, हे ती इतरांना समजावून सांगायची. स्वतःच्या बहिणीच्या घरात स्वतःच विसरली. सिद्ध करून दाखवायची घाई नडली.

प्लंबरने हत्यारं आवरायला घेतली. "थांब जरा," ती म्हणाली. मग तिने सगळे नळ बंद करवले, बाथरूमच्या पाणी जायच्या जाळीत कापडाचा बोळा कोंबला आणि शॉवरखालच्या जागेत बादलीने गरम पाणी ओतून साठवलं. खाली येऊन कॅमेरा छताकडे धरून ती उभी राहिली. मान अवघडली. भावजी येरझारा घालत होते. बराच वेळ काहीच नाही. मग पट्ट्यापासून हातभर दूर एक पिवळसर ठिपका उगवला आणि जिभेसारखा हळूहळू निळ्याकडे सरकू लागला.

"जाळीच्या बाजूचा सांधा," प्लंबर तिच्या खांद्यावरून बघत म्हणाला.

सांधा उघडला तर जाळीभोवतीचं सिमेंट भुसभुशीत झालेलं. दुरुस्ती झाली, फरशीला मात्र न जुळणारा तुकडा कायमचा लागला. भावजींनी सगळ्या नात्यागोत्यात गोष्ट सांगितली, ती अर्धीच: कॅमेऱ्यात आधी दिसलं नाही, नंतर चुकीचं दिसलं. लग्नाकार्यात भेटणारी माणसं अजून तिला त्यावरून टोमणे मारतात.

एकदा भांडी पुसता पुसता ताई म्हणाली, "तेव्हा तू जोरात का नाही बोललीस?"

"बोलले होते ताई. दोनदा."

"हो. पण मला तेव्हा ऐकायचं नव्हतं." ताईने पुसलेली ताटली पुन्हा पुसली. "यांना सांगू नकोस मी असं म्हणाले ते."

म्हणजे कबुली मिळाली, तीही कुलूपबंद. घरी जाताना तिला हसावं की रडावं कळेना.

तिने मात्र कानाला खडा लावला. आता घर बंद करून ऊब धरून ठेवल्याशिवाय ती कॅमेरा पिशवीतून बाहेरच काढत नाही. "मॅडमचे फार नखरे," म्हणत दलालांनी तिला बोलावणं कमी केलं. कामं घटली आहेत. परवाच एका घरात खिडक्या उघड्या दिसल्या, तशी ती उंबऱ्यावरूनच परत फिरली. घर घेणारी बाई मागून हाका मारत होती, "अहो, निदान एक फोटो तरी काढा." ती पायऱ्यांवर थांबली, मोठा श्वास घेतला आणि 'हा भिंतीच्या आत बघत नाही हो' हे तेच जुनं वाक्य सांगायला मागे वळली.