ताईच्या इंग्रजी पत्रातल्या चुका

ताई नववी पास झाली आणि तिचं लग्न लागलं. आम्ही बाभुळगावचे, तिला दिली उमरखेडला. जाताना तिनं पेटीत इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक ठेवलं. बाहेरून मॅट्रिकला बसायचं तिच्या मनात होतं.

"मी तुले इंग्रजीतच पत्र लिहीन. तू चुका काढून तेच वापस धाडजो," ती म्हणाली. मी वर्षानं लहान, पण आम्ही एकाच वर्गात होतो. तिची शाळा सुटली, मी पुढं दहावीत गेले.

तिची एक चूक काही केल्या जात नव्हती. एव्हरीबडी म्हणजे सगळे, म्हणून ती पुढं 'आर' लिहायची. मास्तरांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं, एव्हरीबडी, नोबडी हे शब्द एकवचनी. माणसं कितीही असोत, क्रियापद एकाचंच. हा नियम मी तिला दोनदा लिहून कळवला होता.

दिवाळीनंतर तिचं पत्र आलं. दोनच ओळी. 'एव्हरीबडी आर अँग्री विथ मी. नोबडी गिव्ह मी फूड.' मी लाल पेन्सिलीनं 'आर'चं 'इज' केलं, 'गिव्ह'ला एस जोडला आणि खाली लिहिलं, नियम पुन्हा वाच. व्याकरणाच्या पुस्तकात असलीच वाक्यं असतात. मला वाटलं, ताईनं सरावाला लिहिली.

पंधरा दिवसांनी तीच दोन वाक्यं आली. एकही चूक नव्हती. मी 'शाब्बास' लिहून परत पाठवलं.

मग पत्र आलंच नाही. उन्हाळ्यात तिचा दीर एसटीनं आला. ओट्यावर बसून बाबांना म्हणाला, "विहिरीवर गेलती. पाय घसरला." दिलेलं पाणी त्यानं घेतलं नाही.

तेव्हा मी ती वाक्यं पहिल्यांदा मराठीत मनात म्हटली. सगळे माझ्यावर चिडलेत. मला कोणी जेवू घालत नाही.

महिन्याभरानं तिची पेटी आली. पुस्तकात माझे लाल खुणांचे कागद होते. मायला अक्षरओळख नव्हती.

"हे कायचं वं? काय लिवलं तिनं?"

"अभ्यास आहे, माय."

"चुकली होती का?"

"पहिल्यांदा चुकली. मग सगळं बरोबर लिहिलं."

"हुशारच होती," माय म्हणाली, आणि कागद छातीशी धरून रडायला लागली. मी तिच्याजवळ बसून राहिले. तिला खरं सांगायचं धाडस मला त्या दिवशी झालं नाही, नंतरही कधी झालं नाही.