आरसा घेऊन अमरावती ते अकोला

मे महिन्याच्या शेवटी वऱ्हाडात हौसेनं फिरायला निघणाऱ्याला आमच्याकडे कुणी शहाणा म्हणत नाही. पण दर्यापूरच्या मामाच्या पोरीचं, स्वातीचं, अकोल्याला साक्षगंध होतं. पुण्याच्या वाचकांनी साखरपुडा समजावं. दादा-वहिनीला सुट्टी मिळेना, म्हणून त्यांची लेक रेणू माझ्या गळ्यात पडली.

निघताना वहिनीनं एकच काम सांगितलं. "कसंही कर, पण तिला एका तरी फोटोत उभी कर." त्याचं असं झालं होतं की, चौथीच्या वर्गात सममिती शिकवताना प्रत्येकाला स्वतःच्या फोटोवर कपाळापासून हनुवटीपर्यंत रेघ मारायला लावली होती, दोन्हीकडे सारखं दिसतं का ते पाहायला. रेणूची डावी पापणी जन्मापासून जराशी खाली आहे. मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "रेणूचा चेहरा घडीत बसत नाही." तेव्हापासून कुणी मोबाइल वर केला की ही न्हाणीघरात. मला फार लागलं होतं ते. पण रडत बसणं हे आत्याचं खातं नाही. वहिनीला म्हटलं, फोटोत नाही आणली तर नाव बदलून ठेव माझं.

आमच्याकडे उन्हाळ्यात सगळ्याच बाया तोंडाला दुपट्टा बांधून हिंडतात, त्यामुळे दुपट्टा आणि काळा गॉगल लावलेली रेणू स्टँडवर खुशीत होती. बस धरण्याआधी गिला वडा, म्हणजे आमच्याकडचा दहीवडा, खाल्ला. तुम्हीही खा, नाहीतर अमरावतीला येऊन काय केलं? रेणूनं पिशवीतून शाळेतला चौकोनी आरसा काढला आणि वड्याच्या मधोमध उभा धरला.

"काका, दही एकाच बाजूले हाय."

"मंग दुसऱ्या बाजूले बी टाकतो, बापा," गाडीवाला म्हणाला आणि खरंच टाकलं. भूमितीचा इतका रोकडा फायदा मला अख्ख्या शाळेत झाला नव्हता.

एसटीत बायांना अर्धं तिकीट, लेकरांनाही अर्धं. वलगाव मागे पडेपर्यंत रेणूचा हिशेब झाला, "आत्या, आपून मिळून एकच बाई चाललो." प्यायचं पाणी घरूनच घ्या, आणि उन्हाची बाजू कोणती ते कंडक्टरला विचारून मगच खिडकी धरा. मी विचारलं नाही, म्हणून अर्धी भाजले.

दर्यापूरच्या अलीकडेच मामाचं वावर आहे, तिथंच उतरलो. पेरणीआधीच्या फुल्या पाडून झाल्या होत्या. म्हणजे दातेरी औतानं आधी उभ्या रेघा, मग आडव्या. दोन रेघा जिथं एकमेकींना कापतात तिथं फुली, आणि पाऊस आला की त्या फुलीवर सरकी. काळ्या मातीवर चौकटीच्या वहीचं पान पसरलेलं. मामा मिशीला हात लावून रेणूला म्हणाला, "येक रेघ वाकडी सापडली तं माहा कान कापजो."

रेणू उकिडवी बसली, एक डोळा मिटला. निंबाच्या झाडापर्यंत रेघा ताठ, आणि तिथून सगळ्याच्या सगळ्या एकदमच डावीकडे झुकलेल्या.

"आजोबा, कान द्या."

मामी रोडगे आणि वांग्याची भाजी घेऊन आली होती. तिनंच उलगडा केला. "कोनं तरी राम राम केला असन. ह्या मानसाले रस्त्यावरून हाक आली की हातात औत हाय हे आठवते कुठी?" मामा मान वळवून राम राम करत गेला आणि औतही त्याच्यामागं गेलं. पुढची पाळी घेताना कडेचा दाता आधीच्या रेघेत ठेवतात, म्हणून तो एक राम राम सगळ्या वावरभर उमटला.

"अंतर तं सारखं हाय ना? मंग समांतरच झालं," मामा म्हणाला.

"समांतर म्हनायले रेघ सरळ लागते, आजोबा."

"माहे बैल बी राम राम करतच चालतात. त्याईले जमते बराबर." कान वाचला. रोडगे मात्र मी मोजून खाल्ले नाहीत, विचारू नका.

दुसऱ्या दिवशी जीपनं अकोल्याला गेलो. हॉलवर फोटोवाल्यानं दोन्ही घरच्यांना स्टेजवर बोलावलं आणि रेणू गॉगल लावून खुर्च्यांच्या मागं जाऊन बसली. मी तिच्याशेजारी बसकण मारली. उपदेश मला येत नाही. मी माझाच फोटो काढला, मोबाइल मांडीवर आडवा ठेवला आणि नाकाच्या रेघेवर आरसा उभा केला. उजवी बाजू दोनदा, तर कुणी गुबगुबीत मावशी. डावी बाजू दोनदा, तर सावकाराची सासू. रेणू खो खो हसली.

हसणं ऐकून मामा आला. "माहं बी पाह्य." त्याची एक बाजू दुप्पट केली तर तो म्हणाला, "अरे, हा तं माहा साडू होय." मग नवरदेव आला. त्याचेही दोन निघाले, एक हडकुळा, एक बिनमानेचा. मामी म्हणाली, स्वातीला विचारा कोणता ठेवायचा. स्टेज रिकामं आणि फोटोवाला कपाळाला हात लावून उभा.

रेणूनं हळूच गॉगल काढला. "आत्या, माहं बी पाह्य."

मी तिचा फोटो काढला. आरसा ठेवला. एकीकडून पेंगुळलेली पोरगी, दुसरीकडून भूत पाहिल्यासारखी. रेणूनं आरसा दोन-तीनदा उलटून पाहिला.

"ह्या दोघी कोन होय?"

"मले काय माहीत? आपल्याकडच्या नाहीत."

ती उठली, स्टेजवर चढली. आम्ही सगळे मागोमाग आलो, तशी ती मामा-स्वातीच्या मधे घुसून उभी राहिली, गॉगलशिवाय. मला रडू फुटलं. त्या फोटोत मी तशीच आले आहे, नाक लाल.

घरी येऊन आठवडा झाला. ऊन उतरलं, हातांचा काळेपणा उतरायचा आहे. या प्रवासानं काय दिलं म्हणाल, तर मी आता कुणाच्याही फोटोवर आरसा ठेवते आणि नातेवाईक मला टाळतात. काल जेवताना दादा मोबाइलवर तो फोटो मोठा करून पाहत होता. सहज म्हणाला, "रेणू, यात डोळा सारखा करता येतो. करू का?" वहिनीचा हात भातावरच थांबला.

रेणूनं घास गिळला. "नको, पप्पा. मंग तिसरीच कोनी येईन. तिले झोपाले जागा हाय का आपल्या घरी?"