सरांची काचकांडी

माझ्या मार्गदर्शक सरांचा मला आजही राग येतो. माणूस गेला, राग गेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात पीएच.डी. करत होते. उंदराचं निरोगी यकृत आणि कॅन्सर झालेलं यकृत, दोन्हींच्या पेशींतला रायबोसोमल आरएनए काढायचा आणि शेजारी शेजारी ताडून बघायचा, हे माझं काम. आरएनए धड असला तर तपासणीच्या जेलवर, त्या पातळ पारदर्शक वडीवर, दोन स्वच्छ निळे पट्टे उमटतात. तुटला की नुसता फराटा. आणि तो तुटायला माणसाच्या बोटांचा घाम पुरतो.

माझ्या कॅन्सरच्या नमुन्यात दोन पट्टे यायचे, झक्क. निरोगी नमुन्यात मात्र दर वेळी फराटा!

"हात धुतेस का नीट?" सर सगळ्यांदेखत म्हणाले. "तुमच्यात तशी सवय नसेल, पण इथं धुवावे लागतात."

तुमच्यात! आम्ही बौद्ध, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी मान वर केली नाही. एक जण तर हसला मेला. दिवाळीपर्यंत निरोगी नमुना जमला नाही तर नोंदणी रद्द करून तुझं टेबल दुसऱ्याला देईन, असंही सरांनी बजावलं.

मंगळवार पेठेत घरी येऊन आईला सांगितलं आणि रडले. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "आं? त्यो कोण लागून गेलाय? तुझ्या हातचं खाऊन आजवर कुणाचं पोट दुखलं न्हाय की! डोळं पूस. उद्या जा आणि त्याच्या नाकावर टिच्चून काम कर."

दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या नळ्यांवर पहारा ठेवला. सर रोज देवदर्शन करून, हातात प्रसाद घेऊन यायचे. तो वाटून झाला की त्याच हातानं माझी निरोगी नमुन्याची नळी उघडायची, काचकांडी बोटांनी पुसायची आणि आत ढवळून आरएनएचे पांढरे धागे आल्यागेल्याला दाखवायचे, ही त्यांची हौस. हातमोजे? छे! कॅन्सरच्या नळीला मात्र शिवायचे नाहीत. "ते अभद्र तूच हाताळ," म्हणायचे. हे सगळं रोज डोळ्यांसमोर चाललं होतं. पण सरांच्या हातावर संशय घ्यायचा, हे कुणाच्या डोक्यात येत नव्हतं, माझ्यासुद्धा. मग एक दिवस लख्खकन लक्षात आलं: फराटा येतो तो सर शिवतात त्याच नळीचा.

पुढच्या खेपेला निरोगी नमुन्याच्या दोन नळ्या केल्या. एक सरांसाठी बाहेर ठेवली, दुसरी फ्रीजमध्ये मागे दडवली. सरांच्या नळीचा फराटा आला. दडवलेलीत दोन पट्टे, लख्ख.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर सरांनी काचकांडी उचलली. मी दोन्ही जेल टेबलावर मांडले, काय केलं ते मोठ्यानं सांगितलं आणि रबरी हातमोजे पुढं केले.

"घाला, सर. विटाळ होतोय."

सर लालबुंद झाले. हातमोजे घातले नाहीत, पण काचकांडी खाली ठेवली आणि पुन्हा माझ्या टेबलाकडे आले नाहीत. प्रबंधावर सही केली तीही माझ्याकडे न बघता. नको बघू दे! निरोगी आणि रोगी, दोन्हींचे पट्टे एका ओळीत आले होते, आणि दोन्ही माझ्या हातचे होते.