फाटका स्पीकर

दुपारी भंगारवाल्याची गाडी गल्लीत शिरली. तिच्यावरचा स्पीकर फाटका, त्यामुळे ‘रद्दी, भंगार’ ही साधी हाकही घसा खरवडल्यासारखी वर आली. मी तव्यावरची भाकरी तशीच सोडून गॅलरीकडे धावले.

दादाची इलेक्ट्रिक गिटार अशीच वाजायची. आईने एकदा हौसेने त्याचा फाटलेला स्पीकर दुरुस्त करून आणला, तर तो हिरमुसलाच. “अगं आई, रॉकचा जन्मच अशा फाटक्या आवाजातून झालाय,” म्हणाला. असेलही. गोड सुरात जे कुणी ऐकून घेत नाही, ते बहुधा असंच ओरबाडत बाहेर पडतं.

दादाला जाऊन बरीच वर्षं झाली. गॅलरीत पोचले, तर आई माझ्या आधीच कठडा धरून उभी.

“थांबव गं त्याला,” ती म्हणाली. “काहीतरी देऊ.”