मॅडमचं लेक्चर चालू आहे

घराण्यात विद्यापीठापर्यंत पोचलेली ती पहिलीच, म्हणून वडिलांनी थट्टेत तिला ‘मॅडम’ म्हणायला सुरुवात केली आणि आईने ते मनावर घेतलं. पुढे साथ आली, वसतिगृहाने रातोरात खोल्या रिकाम्या करायला लावल्या आणि मॅडम दोन खोल्यांच्या घरात परत आली. मध्ये एक पडदा. अलीकडे मॅडमचं विद्यापीठ, पलीकडे आईचं शिलाई मशीन. आई मास्क शिवून द्यायची. मशीन इतकं जुनं की चालू झालं की फळीवरची भांडी थरथरायची. म्हणून लेक्चरच्या वेळात आई ते बंद ठेवून हाताने टाके घालत बसे. शेजारीण डोकावली की ओठांवर बोट ठेवून कुजबुजे, “मॅडमचं लेक्चर चालू आहे.” सांगताना मान जरा ताठच व्हायची.

लेक्चर-बिक्चर काही चालू नव्हतं.

सुरुवातीला होतं. मॅडम नेमाने बसायची, समोर नुसते नावांचे काळे चौकोन. एकदा शिकवणाऱ्या बाईंनी तिचं नाव घेऊन प्रश्न विचारला. उत्तर तोंडपाठ होतं, पण माइक चालू करायला हातच उचलवेना. “नेट गेलं वाटतं हिचं,” म्हणून बाई पुढे गेल्या आणि ही चौकोनाआड घामाघूम. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडणंही जिवावर आलं. मग ते सुटलंच. परीक्षाही तशीच बुडाली.

घरात सांगायचा प्रयत्न तिने एकदा केला होता. जेवताना म्हणाली, “मला बरं वाटत नाहीये.” झालं. त्या दिवसांत या वाक्याला दुसरा अर्थच उरला नव्हता. आईचा घास हातातच राहिला. वडील रुग्णवाहिका चालवायचे. ते ताटावरून उठले, थर्मामीटर काढला, तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, वास येतो का बघायला साबण हुंगायला दिला. सगळं ठणठणीत. वडील भिंतीला टेकून खालीच बसले. “काही झालेलं नाही गं तुला,” म्हणाले, “माझा जीव गेला होता.” दिवसभर आजारी माणसं वाहून दमलेल्या बापाला आपण नसता घोर लावला, म्हणून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक श्वासासाठी तडफडताहेत आणि हिला काय झालंय, तर अभ्यास होत नाही. पुन्हा तोंड उघडायचं नाही, असा तिने कानाला खडा लावला.

मग तिने शक्कल काढली. एका जुन्या लेक्चरचं रेकॉर्डिंग होतं तिच्याकडे. तेच रोज सकाळी पडद्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने लावायचं आणि भिंतीकडे बघत बसायचं. एवढं शिकून हिला सुचलं ते हे. पलीकडे आईच्या बोटाला सुई टोचली की बारीकसं ‘स्स’ ऐकू यायचं. लाजेने अंगाचं पाणी व्हायचं, आणि ते ‘स्स’ ऐकू येऊ नये म्हणून ती आवाज आणखी वाढवायची. हे उघडं पडलं तर आईला तोंड कसं दाखवायचं, एवढाच विचार डोक्यात असे.

रेकॉर्डिंगमध्ये एका जागी बाई थांबतात. “माझा आवाज येतोय का? कुणीतरी सांगा.” कुणीच बोलत नाही.

त्या सकाळी पलीकडून आई म्हणाली, “येतोय.”

आई पडदा सारून आत आली आणि मांडीवरचे दोरे झटकत कॉटच्या कडेला बसली.

“रोज विचारतात बिचाऱ्या,” आई म्हणाली. “कुणी उत्तरच देत नाही.”

मॅडमने लॅपटॉप मिटला. मान वर होईना. “कधी कळलं तुला?”

“त्या खोकतात ना, रोज तिथंच खोकतात. आधी मला वाटलं, बाईंनाच साथीनं गाठलं की काय.”

हसू येता येता मॅडमला रडू फुटलं. मग सगळंच बाहेर आलं, परीक्षेचंसुद्धा. “कशातच जीव रमत नाही गं,” ती म्हणाली. “सकाळी जाग आली की वाटतं, कशाला आली.”

आईने तिचा हात घट्ट धरला. “उद्या डॉक्टरकडे जाऊ. तापाच्या नव्हे. या दुखण्याच्या.”

“पण तू मशीन बंद ठेवायचीस. माहीत असूनसुद्धा.”

“हो.”

“का?”

आई आपल्या टोचलेल्या बोटांकडे बघत राहिली. तिलाही लाज वाटत होती, हे मॅडमला तेव्हा दिसलं.

“विचारायची भीती वाटली,” आई म्हणाली. “विचारलं तर तू हे नाटकही सोडशील आणि अंथरुणातून उठायचीच नाहीस. त्या बाई खोकल्या की मी सुटकेचा श्वास सोडायचे. म्हणायचे, आजही उठली.”