घेऱ्यातला C

ठवकर सरांनी माझं पुस्तक स्वतःच्या नावावर छापलं होतं.
आज सकाळी ते गेले.

ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेत. माझे अजून जुळत नाहीत.

तेव्हा आपलं भिलाई मध्य प्रदेशात होतं. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. सरांच्या खुर्सीपारच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकले आणि तिथंच शिकवू लागले.

कीबोर्डवर नसलेली चिन्हं काढायला त्यांनीच शिकवलं.
"Alt दाबून ठेव. उजवीकडचे आकडे मार, 0169. पूरा नंबर होयेपर्यंत सोडू नको पोरी. मधातच सोडला तं भलतंच येते."

स्क्रीनवर © उमटलं. त्या दिवशी मी घरी जवळजवळ पळतच गेले.

मग क्लास सुटला की रोज बसायचं. एकेक नंबर मारायचा, काय येतं ते वहीत लिहायचं. इंग्रजी फॉन्टमध्ये 0169 म्हणजे ©, हिंदी फॉन्टमध्ये त्याच नंबरला दुसरंच काहीतरी. चार महिने गेले. त्याची हिंदीत पुस्तिका लिहिली, टाइपही मीच केली.

ज्ञान सगळ्यांचं असते, असं सर म्हणायचे. मला ते अगदी खरं वाटायचं.

बाबा प्लांटमध्ये कामगार. त्यांना वाचता येत नव्हतं. पण माझ्या शाळेच्या फॉर्मवर पाहून पाहून 'छाया' एवढं ओळखू यायचं. पोरीचं पुस्तक येऊन राहिलं, हे त्यांनी सेक्टर 2 मध्ये सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

शेवटी पहिलं पान उरलं. सर माझ्यामागे उभे. © टाक म्हणाले, टाकलं. पुढे माझं नाव लिहायला घेतलं. 'छा' झाला होता.

"थांब. माझं नाव टाक. तुले कोन वळखते?"

Backspace मीच दाबलं.

पुस्तिका छापून घरी आणली. बाबांनी आधी हात धुतले. मग प्रत्येक पानावर बोट फिरवत गेले. शेवटचं पान झालं, पुन्हा पहिल्यावर आले.

"कुठी हाय वं तुयं नाव?"

मी © वर बोट ठेवलं.
"हे काय बाबा. इंग्रजीत छाया C पासून सुरू होते. घेऱ्यातला C म्हणजे मी."

बाबांशी तेवढं एकच खोटं बोलले.

नंतर कितीतरी वर्षं ते औषधाच्या खोक्यावर, कॅलेंडरच्या कोपऱ्यात तो C शोधायचे.
"इथंबी तूच हायस का वं?"
"हो बाबा."

तसंच मानून ते गेले.

सर, © तुम्ही शिकवलंत, हे मी कधीच नाकारणार नाही.
पण मधातच सोडू नको, हेही तुम्हीच सांगितलं होतं.

'भावपूर्ण' आज टाइप होत नाही.
नुसती श्रद्धांजली घ्या, सर.

© छाया